जवळच्या माणसाचा नंबर

ऑफिसात त्याला सगळे फौजदार म्हणत. म्हणणारच! वेबसाइटवरचे फॉर्म बनवायचं काम त्याचं, आणि त्याच्या फॉर्मपुढे भलेभले घामाघूम व्हायचे. नावात चुकून आकडा पडला, की लाल अक्षरं. तारीख उलटसुलट झाली, की लाल अक्षरं. पान नीट भरल्याशिवाय ‘पुढे’चं बटण ढिम्म हलायचं नाही. “खोटी माहिती आत शिरली तर नाव बदलेन,” असं तो छाती ठोकून सांगायचा.

आजारी माणसांच्या घरी नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेसाठी त्याने असाच चार पानी फॉर्म केला. पहिल्या पानावर नाव आणि वय, दुसऱ्यावर आजार, तिसऱ्यावर जवळच्या माणसाचा फोन नंबर, चौथ्यावर पत्ता. तपासून बघताना ऑफिसातल्या मंडळींनी मनाला येतील ते पेशंट रचले आणि जवळचा माणूस म्हणून आपापले नंबर ठोकून दिले. नेमके हे खोटे पेशंट संस्थेच्या खऱ्या यादीत जाऊन बसले. मग काय विचारता! फोनवर फोन. “अहो, तुमच्या आजोबांचं घर सापडत नाहीये.” आजोबा असतील तर घर सापडेल ना! त्याचं डोकंच फिरलं. ऑफिसातले सगळे नंबर, स्वतःचासुद्धा, घ्यायचेच नाहीत असं त्याने फॉर्मला बजावून टाकलं आणि रागाच्या भरात लाल ओळ लिहिली: ‘हा नंबर चालणार नाही. खरोखर जवळच्या माणसाचा नंबर द्या.’ आणि विसरून गेला.

त्याची मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, पायमशीनवर लोकांचे कपडे शिवून शिकवलं. केस पांढरे झाले तरी मशीन काही सुटलं नव्हतं. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने तिला घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, नर्सशिवाय उठायचं नाही.

“नर्ससाठी फॉर्म भर. मीच बनवलाय गं, एकदम सोप्पा आहे,” तो म्हणाला आणि निघाला. मावशीला कोण कौतुक! शेजारणीला हाक मारून सांगितलं तिने, आमच्या पोराने बनवलाय म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला.

“अरे, तिसऱ्या पानावर अडलंय बघ. नंबरच घेत नाहीये.”

“काहीतरी चुकीचं भरलं असशील. लाल अक्षरात काय लिहिलंय ते वाच आणि तसं कर.”

“वाचलं रे. पण मी तर तुझा...”

“मावशी, मी कामात आहे गं. फॉर्ममध्ये चूक नाहीये. तो जे मागतोय ते दे त्याला.”

मग ती म्हणाली, “बरं बाबा.”

त्याला वाटलं, झालं काम. संध्याकाळी फोन करू म्हणाला, ते राहिलं. उद्या करू म्हणाला, तेही राहिलं. शिंचं काम कधी संपतं का!

नर्स आलीच नाही. मावशी भिंत धरधरून आपली आपण उठत राहिली आणि एका सकाळी बाथरूममध्ये पडली. शेजारणीने दार वाजवून वाजवून शेवटी किल्लीवाल्याला बोलावून आणलं. आता वॉकर घेऊन चालाल, डॉक्टर म्हणाले, पण मशीन विसरा.

हॉस्पिटलात आल्या आल्या तो तिच्यावरच करवादला. “नर्स का नाही बोलावलीस?”

“जमलं नाही रे.”

“आण तो फोन. मी भरतो.” पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर त्याने आपला नंबर टाकला आणि लाल ओळ आली. त्याचीच ओळ, त्याच्याच शब्दांत.

“तू माझा नंबर घातला होतास?”

“मग कुणाचा घालणार?” ती म्हणाली. “पुन्हा पुन्हा घालून बघितला. मग वाटलं, तूच तसं सांगून ठेवलं असशील. म्हटलं, पोराच्या मागे कामाचा रगाडा, कशाला आपला ताप.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती त्याची समजूत घालत होती.

“अगं, तसं नाही गं!” त्याने घाईघाईने सगळं सांगितलं. खोटे पेशंट, खोटे आजोबा, सगळं. मावशी हसली, “असू दे, असू दे” म्हणाली, आणि तिला त्यातलं एक अक्षरही पटलेलं नाही हे त्याला लख्ख कळलं.

तो बाहेर पळाला. कॉरिडॉरमधल्या बाकावर लॅपटॉप उघडून त्याने तो नियम पुसून टाकला. एवढंच करायचं होतं. परत खोलीत आला तर मावशी फोन हातात धरून त्याचीच वाट बघत होती.

“बघ, जमलं मला! तो लाल झालेला नंबर पुसला आणि शेजारणीचा घातला. सरसर गेला की रे पुढे.”

त्याने फोन घेतला. जवळची व्यक्ती: शेजारीण. खाली त्यानेच लिहिलेली हिरवी ओळ: ‘माहिती बरोबर आहे. धन्यवाद.’

बदलायला त्याला मिनिटसुद्धा लागलं नसतं. पण बदलू का, हे तिला विचारायचं कुठल्या तोंडाने?

“छान भरलास गं,” तो म्हणाला आणि फोन तिच्या उशाशी ठेवला.