पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल

मित्रांनो, आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी नळीभर साधं पाणी तपासून घेतलं, ते ठणठणीत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच आधारावर एका मुलीला खोटारडी ठरवलं. आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही, असं दवाखान्याचं म्हणणं आहे, आणि मी पडले दवाखान्याची मशीन. तेव्हा मी आपली जीवनकथा सांगते.

मी एक जुनी सेंट्रिफ्यूज आहे. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवते. मग लाल भाग तळाला बसतो आणि वर पिवळसर सीरम येतं. मला आईवडील नाहीत. वॉरंटी होती, तीही लवकर गेली. माझा एकच हट्ट आहे: एका बाजूला रक्ताची नळी ठेवली, तर समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी हवी. नाहीतर माझा तोल जातो. त्या पाण्याला कुठलाही आजार नसतो. एवढं लक्षात ठेवा. मोठ्या माणसांच्या राहत नाही.

काही मुलांना हात धुतच राहावंसं वाटतं, कडी पुन्हा पुन्हा तपासावीशी वाटते. काहींचे डोळे, मान, खांदे आपोआप उडतात. अशा मुलांच्या शरीरातली रोगाशी लढणारी फौज बिथरलेली असते का, हे मोठे डॉक्टर रक्तातल्या खुणांवरून शोधत होते. काम चांगलं होतं. मी अभिमानाने फिरत होते.

एके दिवशी एक मुलगी आईबरोबर आली. तिचे डोळे सारखे मिचकत होते. शाळेतल्या बाईंना वाटे, ही आपल्याला वेडावते. डॉक्टरांचं पत्र आणा, नाहीतर शाळा बदला, असं त्यांनी बजावलं होतं. मुलीने दात आवळून रक्त दिलं, पण ते एकटं सोडून तिला बाहेर जाववेना. ती माझ्यापाशीच थांबली.

मी थांबल्यावर लॅबवाल्या काकांनी नळ्या काढल्या. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये होता. "फरशी पांढरीच घ्या हो," असं म्हणत त्यांनी मुलीच्या नावाची चिठ्ठी पाण्याच्या नळीवर चिकटवली.

"काका, ती माझी नाही. माझी पिवळी."

"हो गं बाई, सगळ्या तुझ्याच," काका म्हणाले. पाणी तपासणीला गेलं. रक्त कचऱ्यात गेलं.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांच्या केबिनचा एसी गळत होता, म्हणून ते मायलेकींना घेऊन लॅबमध्येच आले.

"शून्य, शून्य, शून्य! इतकं स्वच्छ रक्त मी जन्मात पाहिलं नाही. आजारबिजार काही नाही, ताई. नाटक आहे."

अहो, इतकं स्वच्छ रक्त कुणीच जन्मात पाहिलेलं नाही!

"ते पाणी होतं," मुलगी म्हणाली. "काकांनी चिठ्ठी चुकीच्या नळीला लावली."

"बघा! सारखी शंका, सारखं तपासणं. हाच तर हिचा आजार."

"आत्ता तर म्हणालात, आजार नाही!" आई म्हणाली.

"ताई, मध्ये बोलू नका, गोंधळ होतो."

"मग पुन्हा घ्या रक्त. आणि खुणा खरंच नसल्या, तरी माझी पोर खोटी कशी ठरते?"

मित्रांनो, डॉक्टरांनी रिपोर्टची घडी घालून खिशात टाकली. खुणांचा शोध अजून चालू आहे, म्हणजे अजून पुरतं कुणालाच माहीत नाही. पण 'माहीत नाही' म्हणायला जीभ वळत नाही, 'नाटक' म्हणायला बरी वळते!

माझं टाळकं फिरलं. तेव्हा मी चालूच होते. मी इतकी थडथडले की चालत चालत टेबलाच्या कडेला आले. काकांनी मला दोन रट्टे घातले, बटण बंद केलं आणि माझ्यावर 'नादुरुस्त' असा कागद चिकटवला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"तिला मारू नका," मुलगी म्हणाली. "तिला थांबता येत नव्हतं."

मायलेकी पत्राशिवाय गेल्या.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असं कुणी असेल, तर 'थांबव ना' म्हणू नका. शेजारी बसा.

आणि माननीय अधीक्षक महोदयांस सविनय विनंती की, पाण्यास दिलेला निरोगीपणाचा रिपोर्ट रद्द करावा. सदर मुलीच्या शाळेस पत्र तातडीने द्यावे. तसेच मोठ्या डॉक्टरांनी तिच्या वर्गासमोर उभे राहून 'नाटक' हा शब्द परत घ्यावा. तो परत घेऊन होईपर्यंत त्यांनी एकदाही डोळे मिचकावू नयेत.