पोटदुखी

तोंडात टाचण्या धरून बिट्टीची आई कोटाची बाजूची शिवण उसवत होती, तेवढ्यात बिट्टी शाळेतून आली. दप्तर कटिंगच्या टेबलाखाली सरकवलं, माठातलं पाणी घेतलं आणि ग्लास तोंडाला लावायच्या आधी म्हणाली,

"आई, गुरुवारी माझ्या पोटात दुखणार आहे."

बिट्टीच्या आईने टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"आज सोमवार आहे. गुरुवारचं तुला आजच कसं कळलं?"

"बाईंनी सांगितलं. आमच्या वर्गात सहाजणांच्या दुखणार आहे. सगळे मागच्या बाकांवरचे."

हे सांगताना पोरीचा चेहरा अगदी सरळ होता. गृहपाठ सांगावा तसं सांगून ती पाणी प्यायला लागली. आईला मात्र समजायला वेळ लागला नाही. गुरुवारी नववीची सामायिक परीक्षा होती. साऱ्या सरकारी शाळांना त्या दिवशी गणिताचा एकच पेपर. मग शाळेची सरासरी काढायची, आणि जिची सरासरी सगळ्यात वर तिच्या मुख्याध्यापकांना व्यासपीठावर बोलावून ढाल द्यायची. बिट्टीच्या शाळेने दोन वर्षं लागोपाठ ढाल आणली होती. मुख्याध्यापक उठता-बसता सरासरीबद्दलच बोलत, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे 'सरासरी सर' म्हणत. आणि जे मूल गैरहजर असेल ते सरासरीत धरत नसत. एवढी साधी गोष्ट होती.

तिने हातातल्या कोटाकडे पाहिलं. कोट सरासरी सरांचाच होता. वर्षभरात पोट सुटलं होतं, आणि तिसऱ्या ढालीच्या समारंभात फोटो काढताना बटणं लागायला हवी होती. पेपरसुद्धा अजून व्हायचा होता, आणि या माणसाने कोट सैल करायला टाकला होता.

तिने कोट टेबलावर आपटला. मग उचलून पुन्हा त्याची नीट घडी केली, कारण कापडाचा काही दोष नव्हता.

मंगळवारी सर माप बघायला आले. दुकान म्हणजे दहा पावलांची खोली, एक आरसा, एक मशीन. सर आरशापुढे उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले,

"पोटाला जरा मोकळं ठेवा, टेलरताई. श्वास घेता आला पाहिजे."

"ठेवते की. माझी मुलगी तुमच्याच शाळेत आहे, सर."

"अरे वा. कुठली?"

"जिच्या गुरुवारी पोटात दुखणार आहे ती."

सर दचकले असते, ओशाळले असते, तर कदाचित गोष्ट तिथेच मिटली असती. पण ते हात पसरून तसेच उभे राहिले आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागले.

"हे बघा ताई, मनाला लावून घेऊ नका. एका दिवसाची सुट्टी, दुसरं काय? तिला पेपर येणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. उगीच शून्य पडायचं, ते निकालपत्रावर राहायचं, दहावीची तुकडी ठरवताना तेच बघायचे. गैरहजर राहिली तर वर्षाचे जे काय असतील ते मार्क धरतात. तिच्याही भल्याचं आहे, शाळेच्याही."

"तिला येणार नाही हे कोणी ठरवलं?"

"मी इतकी वर्षं शाळा चालवतोय." सरांनी आरशात स्वतःचं पोट आत घेऊन पाहिलं. "तुम्ही नाही का, माणूस दारातून आत आला की माप ओळखत?"

तिने खडूने कोटावर खूण केली. रेघ वाकडी गेली. ती पुसून तिने दुसरी मारली. टाचणी जरा आत टोचावी, असं एकदा नाही, चारदा मनात आलं. पण ते फारच स्वस्तात सुटणं झालं असतं. या माणसाला टाचणी टोचून भागणार नव्हतं. न्याय वगैरे तिला काही नको होतं. ती ढाल त्याच्या हातातून गेलेली तिला बघायची होती, आणि तेव्हा त्याच्या अंगावर हाच कोट हवा होता, तिने मन लावून शिवलेला.

त्या संध्याकाळी तिने दुकान लवकर बंद केलं आणि उरलेल्या चार घरांचे उंबरठे झिजवले. बसड्रायव्हरच्या घरी, हॉस्पिटलातल्या आयाच्या घरी, जुळ्या भावांच्या आजीकडे, गवंड्याकडे. कुणी घाबरलं, कुणी म्हणालं जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. तिने कुणालाच सोडलं नाही.

"तुमच्या पोराला काय येतं न येतं ते मरू दे," ती आयाला म्हणाली. "त्याने नुसतं जाऊन बसायचं. सहा जण बसले की त्यांची सरासरी जी गडगडेल ना, पुन्हा कुणाच्या पोराला आजारी पाडायचं नाव काढणार नाहीत."

"आणि आपल्या पोरांना शून्य पडलं तर?"

"पडू दे की. त्याचीच तर मजा आहे."

आया आत निघून गेली. पण बुधवारी सकाळी तिने निरोप पाठवला, पोरगा येईल.

बुधवारी दिवसभर बिट्टीची आई मशीनवर गुणगुणत होती. बिट्टी टेबलाच्या कोपऱ्यावर वही उघडून बसली होती. दोन दिवस ती तिथेच होती, हे आईला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. पोरीला फळ्यापाशी उभं केलं की तिची दातखीळ बसायची, हे खरं. पण इथे, चिंध्यांच्या ढिगाशेजारी, तिला कुणी उभं केलं नव्हतं.

"आई, हे सुती कापड धुतल्यावर पाच टक्के आटतं ना?"

"हं."

"म्हणजे दोन मीटरमागे दहा सेंटिमीटर जातं. बरोबर?"

"हं, हं." आईच्या मनात जुळ्यांच्या आजीचं चाललं होतं. म्हातारी आयत्या वेळी कच खाणार नाही ना?

"मग वीस मीटरमागे एक मीटर. आई, टक्केवारी जमायला लागली मला. सोपी आहे."

"डोकं फोडून घेऊ नकोस. तू नुसती जाऊन बस."

बिट्टी पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली,

"आम्ही सहाजण बसलो की सर नक्की हरणार?"

"तोंडावर आपटणार बघ."

"आणि मला पेपर आला तर?"

आईने दोरा दाताने तोडला आणि हसली. चांगलं मोकळं हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा.

"तुला आला तर माझा डाव फसला की गं."

बिट्टीही हसली. मग तिने वही मिटली.

गुरुवारी शाळेच्या फाटकाशी सहाच्या सहा पोरं उभी होती, इस्त्रीचे कपडे घालून, प्रत्येकाबरोबर घरचं कुणीतरी. म्हातारीसुद्धा आली होती, दोन्ही हातांत दोन नातू धरून. सरासरी सर पायऱ्यांवर होते. त्यांनी आधी पोरं मोजली आणि मग बिट्टीच्या आईकडे पाहिलं.

"यांची तब्येत बरी नव्हती ना?"

"ठणठणीत आहेत, सर. आज पोटात दुखलंच, तर दुसऱ्याच कुणाच्या तरी दुखेल."

म्हातारी फिसकन हसली. बसड्रायव्हरने तोंड फिरवलं. बाहेरच्या शाळेतून आलेले पर्यवेक्षक दारातच उभे होते, त्यामुळे सरांना बाजूला होण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पोरं एकामागून एक आत गेली. बिट्टीने दाराशी वळून आईकडे पाहिलं आणि मान हलवली, मोठी कामगिरी अंगावर घेतलेल्या माणसासारखी.

पेपर चालू असताना आई व्हरांड्यासमोरच्या कट्ट्यावर बसून होती. सर ऑफिसातून बाहेर येत, वर्गाच्या खिडकीत डोकावत, रुमालाने मान पुसत आणि पुन्हा आत जात. ती एकेक फेरी तिने डोळे भरून पाहिली. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

घंटा झाली. आयाचा मुलगा बाहेर आला, म्हणाला, बरा गेला. जुळे भांडत आले. बिट्टी सगळ्यात शेवटी आली. चेहरा फुललेला, आणि युनिफॉर्मच्या बाहीवर खोडरबराचा भुगा.

"कसा गेला?"

"कोरा दिला." बिट्टीने आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नकोस."

"काहीच आलं नाही?"

"आलं ना. टक्केवारी सगळी आली. आई, कापडाचंच गणित होतं, आपल्यासारखं. वीस मीटर कापड, पाच टक्के आटलं तर किती उरेल. मी हात आवरेपर्यंत लिहून झालं होतं. दोन पानं भरली. मग सगळं खोडत बसले. खोडायलाच जास्त वेळ लागला."

"का गं?"

बिट्टीला प्रश्नच कळला नाही. "तूच म्हणालीस ना, मला आलं तर डाव फसेल."

आईने तिच्या बाहीवरचा भुगा झटकला. पुन्हा झटकला. तो कापडात बसला होता.

"टेलरताई." सर जवळ येऊन उभे होते, मागे पर्यवेक्षक, त्यांच्या हातात पेपरांचा गठ्ठा. सरांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, तेच जास्त झोंबलं. "तिने कोरा दिलाय. मी म्हटलं नव्हतं का तुम्हाला? उगीच पोरीला बसवलंत. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. जसा आहे तसा पाठवला तर शून्य, आणि ते तिच्या नावावर राहील. पेपरात तब्येत बिघडली असं पालकांनी आत्ता सांगितलं, तर हे साहेब पेपर बाजूला काढतील. मग तिचा पेपर कशातच धरणार नाहीत."

कशातच म्हणजे सरासरीतही नाही. ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिला सांगायची गरज नव्हती. पाच पोरांनी काय लिहिलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. नक्की शून्य असा एकच पेपर होता, आणि त्याचं काय करायचं ते तिच्या हातात होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की सूड पुरा होत होता.

पर्यवेक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. बिट्टी आईकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत होती.

"तिच्या पोटात दुखत होतं," आई म्हणाली.

सरांनी मान डोलावली. पर्यवेक्षकांनी गठ्ठ्यातून एक पेपर काढून वेगळा धरला.

"आई, पण माझं पोट कुठे—"

"चल."

फाटकाबाहेर आल्यावरही बिट्टी मागे वळून बघत होती. तिचं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं, आणि आईला ते सांगता येत नव्हतं. दोघी कोपऱ्यापर्यंत आल्या. दुकानात कोट टांगलेला होता, फक्त बटणं लावायची राहिली होती.

"किती उरलं?" आईने विचारलं.

"काय?"

"कापड. वीस मीटरचं."

"एकोणीस," बिट्टी म्हणाली.