चेहरा जुळत नाही

माझी धाकटी बहीण पलीकडच्या देशात राहते. पलीकडचा देश म्हणजे काही फार लांब नाही. दुपारच्या बसने निघालं की संध्याकाळच्या चहाला तिच्या घरी. व्हिसा लागत नाही. आजवर सीमेवरचा शिपाई पासपोर्टातला फोटो बघायचा, मग मला बघायचा, पुन्हा फोटो बघायचा आणि गालातल्या गालात हसत शिक्का मारायचा. मला वाटायचं, मनमिळाऊ माणूस आहे.

यंदा नवा नियम निघाला. व्हिसा नकोच, पण निघण्याआधी मोबाइलवरून प्रवासाचा परवाना काढायचा. तो नसेल तर बसमध्येच घेणार नाहीत. आणि नेमकं गुरुवारी धाकटीचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. तिचा नवरा जहाजावर, तो तेव्हा कुठल्या समुद्रात होता देव जाणे, आणि आई तर केव्हाच गेलेली. एकदा घाबरून तिने तारीख पुढे ढकलली होती आणि आता आणखी थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ताई, तू नसलीस तर मी पळून येईन. सांगून ठेवते," ती फोनवर म्हणाली.

ही नुसती धमकी नव्हती. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतून उठून, गळ्यात त्यांचा रुमाल तसाच, ती एकदा चालत घरी आली होती.

म्हणून मी सोमवारीच अर्ज भरायला बसले. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं सुरळीत झालं. पासपोर्टाचा फोटो मोबाइलने गिळला. मग तो म्हणाला, चेहरा समोर धरा. मान डावीकडे वळवा. उजवीकडे वळवा. डोळे मिटा, उघडा. मी शहाण्या मुलीसारखं सगळं केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: चेहरा जुळत नाही.

"अहो, हा म्हणतोय की मी मी नाही," मी खाली हाक मारली.

आमचे हे फोटोग्राफर. घराखालीच स्टुडिओ आहे. त्यांच्या स्टुडिओत शिरलेला माणूस आहे तसा कधी बाहेर पडलेला नाही. टक्कल असेल तर केस येतात, मुरमं असतील तर गाल गुळगुळीत होतात. कोणी सांगायला लागत नाही, त्याचे जास्तीचे पैसेही हे घेत नाहीत. हात आपोआप चालतो. पासपोर्टाच्या फोटोला टचिंग करायचं नसतं हे त्यांना माहीत आहे, पण तो नियम करणाऱ्याने माणसांचे चेहरे नीट बघितलेले नाहीत असं त्यांचं ठाम मत.

मी चष्मा लावून माझा पासपोर्ट पहिल्यांदाच धड बघितला. आत एक देखणी बाई बसली होती.

"ही कोण?"

"तूच की."

"माझा तीळ कुठाय? आणि नाक?"

"नाक जरासं सरळ केलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ज्या नाकासमोर बसून हे जेवले, ते नाक यांना खटकत होतं आणि मला त्याचा पत्ता नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. यांनी मला स्टुडिओत नेलं, दोन दिवे तोंडावर सोडले, तिळावर पावडर थापली, भुवई पेन्सिलने भरली आणि गाल मागे ओढून कानांमागे चिकटपट्टी लावली. आता मी हुबेहूब फोटोतली दिसत होते, फक्त बोलता येत नव्हतं. मोबाइल म्हणाला, मान डावीकडे वळवा. मी वळवली. चिकटपट्टी सुटली.

चेहरा जुळत नाही. अर्ज थांबवला आहे. मदत कक्षात समक्ष यावे.

मदत कक्षाने वेळ दिली ती बुधवारी सकाळची, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. आम्ही पोचलो तर रांग पार दाराबाहेर. औषधांच्या दुकानाचे मालक, शाळेच्या मुख्याध्यापिका, टॅक्सीवाला, सगळी ओळखीची मंडळी, आणि प्रत्येकाच्या पासपोर्टात यांचाच फोटो. यांना बघताच सगळ्या माना वळल्या. हे माझ्या पाठीमागे लपले. आम्ही दोघं उंचीला सारखे, त्यामुळे ते काही जमलं नाही.

खिडकीत एक तरुण बाई होती. तिने पासपोर्ट उघडून माझ्याशेजारी धरला.

"यात तुमचं काय आहे?"

"कान," मी म्हणाले. खोटं कशाला बोला.

नवा पासपोर्ट काढा म्हणाली, दोनतीन आठवडे लागतील. मी धाकटीचं सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाज चिरकला, त्याची लाज वाटली नाही. तिने थोडा विचार केला. फोटो काढणारा हजर असेल तर त्याने काय काय बदललं ते सांगावं, मी चेहऱ्याशी ताडून बघते आणि साहेबांची सही घेते, असं ती म्हणाली. मात्र फोटो बघायचा नाही आणि बायकोकडेही बघायचं नाही.

तिने यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. झालं, मी मनात म्हटलं, परवान्याच्या नावाने अंघोळ करा. ज्या माणसाला सकाळी काढलेला चष्मा सापडत नाही, त्याला इतक्या वर्षांपूर्वीचं काय आठवणार?

हे भिंतीला सांगू लागले.

"डाव्या भुवईत खोक आहे. झोपाळ्यावरून पडली होती. हनुवटीवर तीळ, मधोमध नाही, उजवीकडे. उजव्या गालावर कांजण्यांचे दोन खड्डे, एक खोल, एक उथळ. उथळ थंडीत दिसत नाही. नाक डावीकडे झुकलंय, पण हसली की सरळ होतं. खालच्या ओठाखाली एक रेघ आहे. ती रागावल्यावरच दिसते."

बाईने माझ्याकडे निरखून पाहिलं. "दिसतेय," ती म्हणाली.

"इतकं पाठ आहे, मग काढून का टाकलं?" तिने विचारलं.

"हाताची सवय," हे म्हणाले. मग भिंतीलाच, हळू आवाजात, "आणि पासपोर्ट काय, कोणीही बघतं. हे घरातलं होतं."

मला खरं तर अजून भांडायचं होतं. त्याऐवजी रडू आलं, आणि तेही नेमकं बाईने खिडकीतल्या कॅमेऱ्याने माझा नवा फोटो काढताना. यांचा हात माझी हनुवटी वर करायला पुढे आला, तो मी खाली केला. थोड्या वेळाने मोबाइल वाजला. परवाना आला होता.

"आता माझं सांगा," मागून औषधवाले म्हणाले. "पण जरा हळू सांगा." हे पुन्हा भिंतीकडे वळले. मी बस गाठायला पळाले.

दवाखान्यात पोचले तेव्हा धाकटी पलंगावर बसली होती, पायात चपला घालून.

"निघालेच होते," ती म्हणाली.

उशीर का झाला म्हणून तिने फैलावर घेतलं, तेव्हा मी परवाना उघडून तिच्यापुढे धरला. त्यात माझा तो फोटो: नाक वाकडं, तीळ जागेवर, डोळे लाल. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिने मोबाइल हातातून घेतला आणि बोटाने फोटो मोठा केला.

"ताई, ही आई आहे."

"मीच आहे गं."

"नाक बघ. तीळ बघ. आजवरच्या तुझ्या एकाही फोटोत ती नव्हती."

तिने चपला काढल्या. मोबाइल मात्र परत दिला नाही. रात्री तो तिच्या उशाशी होता. सकाळी न्यायला आले तेव्हा तिने फोटोवरून एकदा अंगठा फिरवला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि मुकाट्याने आत गेली.