पहिली मागणी

आमच्या व्यापारी संघात एकोणीस सभासद आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की उरलेल्या अठरांना अक्कल नाही. मी या संघाची चिटणीस. बावीस वर्षं इतिवृत्त लिहिते, पत्रं टाइप करते आणि सभेत जे ठरतं ते वाचून दाखवते. मला मत नाही. तोंड आहे, पण ते वाचण्यापुरतं.

दर अधिवेशनाआधी संघ आमदारांना मागण्यांची यादी देतो. यंदा त्यांचा निरोप आला, "तीनच आणा. चौथी आणलीत तर चारही विसरेन." म्हणून चौदा मागण्यांची छापील यादी प्रत्येकाला दिली. तीनवर खूण करायची, घडी घालायची आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायची. आकडे जाहीर करायचे नाहीत हा संघाचा जुना नियम. आकडे कळले की कोणी कोणाला दगा दिला त्याचा माग काढतात आणि मग वर्षभर तोंडं फिरवून बसतात.

पहिली कोणती येणार, याची कोणालाच शंका नव्हती. बॉयलर! चार जिल्ह्यांना मिळून एकच सरकारी तपासनीस. कायद्याप्रमाणे तपासायचं फक्त त्यानेच, आणि अर्ज केलेला असला की तो येईपर्यंत जुना बॉयलर चालवायला मोकळीक. मान्यताप्राप्त इंजिनिअरांनाही तपासू द्या, एवढीच मागणी होती. दोन महिन्यांपूर्वी साबणवाल्यांच्या कारखान्यात बॉयलरची झडप उडाली आणि एक माणूस भाजला. तेव्हापासून संघात दुसरा विषय नव्हता.

माझ्या घरी तर नव्हताच. माझा धाकटा भाऊ लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळतो. इस्पितळांच्या चादरी धुणारी मोठी लॉन्ड्री आहे ती. सभेच्या दिवशी सकाळी डबा भरताना तो म्हणाला, "ताई, दाबाचा काटा लाल रेषेला टेकतो तरी सेफ्टी व्हॉल्व्ह गप्पच. आधी निदान फुसफुसायचा."

"मग शेठना सांग ना!"

"सांगितलं. म्हणाले, आज मागणी जातेय, कायदा झाला की पहिला आपलाच तपासून घेऊ. तोवर चालव."

दिवसभर वाफ लागते, त्यामुळे तो गेलाच.

चिठ्ठ्या मोजायला माझ्याबरोबर सभासदांपैकी चष्म्यांच्या दुकानाचे काका होते. आतल्या खोलीत टेबलावर डबा पालथा केला. बाहेर सभासद गप्पा मारत होते, आमदार चहा घेत होते आणि त्यांचा ड्रायव्हर गाडी सुरू ठेवून उभा होता. दुकानांच्या पाट्यांवरचा कर, चौदा. मालट्रकांना बाजारात दिवसा प्रवेश, बारा. पाण्याचा दर, नऊ. मी बॉयलरचा रकाना पुन्हा पाहिला. चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या.

बॉयलरला एक खूण होती.

"ती माझी," काका म्हणाले. "दुसऱ्यावर भिस्त ठेवायची मला सवय नाही."

"पण बाकीचे?"

"बाकीच्यांना वाटलं, बॉयलरला सगळे देणारच. मग आपली खूण कशाला वाया घालवा? प्रत्येकाने आपापल्या पोळीवर तूप ओढलं."

एकोणीस शहाणे! मला इतका संताप आला की डबा उचलून बाहेर भिरकावावा. तेवढ्यात अध्यक्षांनी दार वाजवलं. त्यांचं घाऊक कापडाचं दुकान आहे, आणि थांबणं त्यांना जमत नाही. "चला, साहेब निघालेत."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पुसून झाला तरी घातला नाही.

बाहेर जाऊन मी कागद हातात धरला आणि वाचलं, "पहिली मागणी, बॉयलर तपासणी. दुसरी, पाट्यांवरचा कर. तिसरी, मालट्रकांना प्रवेश."

कोणाची भुवईसुद्धा हलली नाही. सगळ्यांनी हेच येणार म्हणून माना डोलावल्या.

"हरकत?" अध्यक्षांनी विचारलं. तीनदा विचारायची रीत आहे.

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा लॉन्ड्रीवाले शेठ उठले. "पाण्याच्या दराचं काय झालं? मी स्वतः आठ जणांशी बोललो होतो. किती पडल्या?"

शेठचं म्हणणं खरं होतं. आठ आणि एक, नऊ.

"आकडे विचारायचे नसतात," अध्यक्ष म्हणाले.

"मोजलंय ना नीट?"

"मोजलंय. दोनदा," मागून काका म्हणाले. तेही खरंच होतं.

शेठ पुटपुटत बसले. तिसऱ्यांदा हरकत विचारून झाली, अध्यक्षांनी सही केली, आमदारांनी कागद खिशात घातला. गाडी वळली.

मग एकेक जण माझ्या टेबलापाशी डोकावून गेला. "बॉयलर येणार हे ठाऊकच होतं," पुठ्ठेवाले म्हणाले, "म्हणून मी त्यावर खूण केली नाही." डेअरीवाले तेच म्हणाले. ज्यांच्याकडे माणूस भाजला ते साबणवालेही तेच म्हणाले आणि वर हसले. शेवटी शेठ आले.

"तुझ्या भावाला सांग, काम झालं. मी निर्धास्त होतो, म्हणून तर तिन्ही खुणा दुसरीकडे टाकल्या."

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. "मोजा."

ते मोजत गेले. मधेच थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि खुर्चीत बसले. "एक? मग तू खोटं वाचलंस?"

"हो."

"माझी मागणी उडवलीस. हे बाहेर कळलं तर तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. राजीनामा टाइप करायला मला पाच मिनिटं लागतात. पण कायदा व्हायला वर्ष लागेल, शेठ, आणि व्हॉल्व्ह आज अडकलाय. तुम्ही सगळ्यांच्या भरवशावर होतात. ते सगळे हे असे आहेत, डब्यात. माझा भाऊ मात्र आत्ता त्या बॉयलरपुढे उभा आहे."

शेठनी स्वतःची चिठ्ठी ओळखली असावी, कारण एक उचलून त्यांनी उलटी ठेवली. मग माझ्याच टेबलावरचा फोन ओढला. "बॉयलरची आग काढा. हो, आत्ता. चादरी राहू देत ओल्या. इस्पितळाला मी सांगतो."

फोन ठेवून ते गेले. मी कागद मशीनला लावला आणि राजीनाम्याची तारीख टाइप केली. पुढचं अक्षर दिसेना, डोळे भरून आले होते. अर्ध्या तासाने फोन वाजला.

"ताई, शेठनी बॉयलर बंद करायला लावला! गार झाला की व्हॉल्व्ह उघडणार आहेत. असं काय ठरलं ग सभेत?"

"मग सांगते," मी म्हटलं. "तू आधी तिथून बाहेर ये."