पंच्याऐंशी अंशांवरचे जीव

दिवाळीची सुट्टी संपवून तृप्ती वणीहून नाशिकला आली, ती थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत. इन्क्युबेटरचा काटा पंच्याऐंशी अंशांवर असायला हवा होता, तो सदतीसवर होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत सहा सीलबंद बाटल्या होत्या आणि त्यांत तिची पीएचडीची तीन वर्षं. सुरगाण्याकडच्या डोंगरात अडीच किलोमीटर खोल घेतलेल्या बोअरमधलं ते कढत पाणी. त्यातले सूक्ष्मजीव म्हणजे नमुनेदार मंडळी. हवा नको, ऊन नको. खडक आणि पाणी यांच्यातून सुटणाऱ्या हायड्रोजनवर पोट भरतं. ज्या उष्णतेत अंडं घट्ट होतं, तिथे यांची प्रथिनं उसवत नाहीत, इतकी वीण पक्की. उलट थंडावा आला की सगळा कारभार ठप्प. आणि बोअर तर केव्हाच सिमेंटने बुजवलं होतं. दुसरं पाणी मिळणं शक्य नव्हतं.

सुट्टीत मशीनकडे बघायला तिने शिपाई सगुणाबाईंना सांगितलं होतं. आत जिवंत जीव आहेत, जपा, एवढंच सांगितलं होतं. बाईंनी आपल्या अकलेने जपलं.

"ताई, आत हात घालवत नव्हता," सगुणाबाई म्हणाल्या. "कढत दुधात विरजन मरतं, तसं नको व्हायला म्हनून कमी केलं."

मशीनवर चिठ्ठी होती, हात लावू नये म्हणून. पण ती इंग्रजीत, बाईंना न वाचता येणारी. रागाच्या भरात तृप्तीला ते दिसलंच नाही. तिने साठीला टेकलेल्या बाईंना चारचौघांत अडाणी म्हटलं, प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली, आणि दुपारपर्यंत सगुणाबाईंच्या हाती मैदान झाडायचा खराटा आला. तरी हिचं डोकं शांत होईना. सीलमधून सुईने एक थेंब काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काही हलत नव्हतं. तिने फटाफट सहाही सील फोडली आणि बाटल्या ब्लीचच्या बादलीत रित्या केल्या.

संध्याकाळी गाईड अंजली मॅडमचा फोन आला. तृप्तीने सगुणाबाईंचा उद्धार सुरू करताच त्यांनी तो मध्येच तोडला.

"अगं, थंडीत ते नुसते निजतात. परत पंच्याऐंशीवर ठेव, उठतील. फक्त सील उघडू नकोस."

हे तृप्तीला ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्याच वर्षी वाचलं होतं. आता स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटत होती, पण त्याने काय परत येणार होतं?

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली आणि सगळं सांगून टाकलं. सगुणाबाईंनी खराटा थांबवला.

"म्हंजे मी कमी केलं तेव्हा ते मेले नव्हते?"

"नाही, मावशी."

"मंग कधी मेले?"

"मी ओतले तेव्हा."

सगुणाबाईंचा आवाज चढला नाही.

"मंग आता कुनाच्या नावानं अर्ज देनार?" त्यांनी विचारलं, आणि पुन्हा झाडायला लागल्या.