कोबीची पिंपं आणि बोर्का काकूंची बाल्कनी

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कपडे वाळत घालायची सामायिक खोली आहे. पूर्वी तिथे कपडे वाळायचे, अलीकडे मी आणि तियाना वाळत होतो. आम्ही गेम बनवत होतो. गेम साधा होता: एक माणूस, एक फ्रिज, लिफ्ट नसलेली इमारत. फ्रिज जिन्याने चौथ्या मजल्यावर न्यायचा. सर्बियातल्या आमच्या नीश शहरात ज्याला मेहुणा आहे त्या प्रत्येकाने हा खेळ प्रत्यक्षात खेळलेला आहे.

फक्त गेम अजून तयार नव्हता. तयार होती ती चर्चा, तो कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बनवावा याची.

थंडीची चाहूल लागली आणि रहिवासी समितीचे अध्यक्ष रादोसाव काका दारात येऊन उभे राहिले. आमच्याकडे न बघता त्यांनी खिशातून टेप काढली आणि जमीन मोजायला घेतली.

"आठ पिंपं बसतील," ते म्हणाले.

"कसली?" मी विचारलं.

"कोबीची. हिवाळ्यासाठी मिठाच्या पाण्यात घालायची. गेल्या वर्षी जिन्यात आंबत ठेवली, तर वासाने माझे व्याही पहिल्या मजल्यावरूनच परत गेले."

"काका, आम्ही इथे काम करतो," तियाना म्हणाली.

"काय काम? दाखव."

तियानाने पडद्यावर एक करडा ठोकळा दाखवला.

"हे काय आहे?"

"फ्रिज."

"याला दार कुठाय?"

"दारावर अजून एकमत झालेलं नाही," मी म्हणालो.

काकांनी टेप सोडली. ती सर्रकन आत गेली. "गुरुवारी सभा आहे. तोवर बघण्यासारखं काही झालं तर खोली तुमची. नाही तर कोबीची."

दाराचं थोडं काम खरं तर झालं होतं. तियानाने एका महागड्या सॉफ्टवेअरची महिनाभराची फुकट मुदत घेतली होती. त्या महिन्यात तिने दाराच्या कडेचं रबर बनवलं. इतकं सुंदर रबर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आता पुन्हा पाहणारही नाही, कारण मुदत संपली आणि ते उघडेना. दुसरं एक सॉफ्टवेअर कायमचं फुकट होतं आणि त्यात सगळं करता यायचं. तियानाने ते उघडलं, त्यातली बटणं आदराने पाहिली आणि हळूच बंद केलं.

"हे शिकायला आयुष्य जाईल, व्लादान."

"आहे की आपल्याकडे."

"गुरुवारपर्यंत?"

उरलं तिसरं. ते फिनलंडच्या कुणा निवृत्त शाळामास्तरने बनवून फुकट वाटलेलं होतं. त्यात फक्त ठोकळे रचता यायचे. गोल काही नाहीच. शिवाय मास्तरांचा एक नियम होता: प्रत्येकाने आपल्या नावाने ठोकळे ठेवायचे, आणि ज्याने ठेवला त्यानेच काढायचा. तियानाला ते पोरकट वाटलं. मला आवडलं, कारण मी आळशी आहे. आमची इमारतही काँक्रीटचे खोके एकावर एक ठेवूनच झालेली आहे. जिना, मजले, बाल्कन्या, सगळं बुधवारी संध्याकाळी उभं होतं.

गुरुवारी सगळे आपापली स्टुलं घेऊन वर आले. पडद्यावरच्या इमारतीत जो तो आपला मजला शोधू लागला. मग दुसऱ्या मजल्यावरच्या बोर्का काकू पुढे सरकल्या.

"माझी बाल्कनी उघडी का?"

"काकू, नकाशात तशीच आहे," तियाना म्हणाली.

"नकाशाला काय कळतंय? मी काचा लावून बारा वर्षं झाली. एवढ्या लोकांत मला उघड्यावर बसवलंस होय गं?"

मी त्यांचं नाव टाकून माऊस त्यांच्या हातात दिला. ही चूक होती की शहाणपण, हे अजून ठरलेलं नाही. काकूंनी बाल्कनी बंद केली. मग जरा रुंद केली. हात बसल्यावर ती जिन्यातून आरपार नेली.

"अहो काकू, तो जिना आहे!"

"राहू दे. जिन्यात ऊन छान येतं."

मग आपापल्या नावाने बांधायला रांग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गॅलरी बांधली, तळमजल्यावरच्यांनी बागेत गॅरेज काढलं. शेवटी रादोसाव काका बसले. त्यांनी अगदी काटकोनात, कपडे वाळवायच्या खोलीच्या दारासमोरच कोबीची खोली बांधली.

फ्रिज त्याच दारातून आत न्यायचा होता; आता तो पोचणार नव्हता. तियानाने ती खोली पुसायचा प्रयत्न केला. मास्तरांचा नियम आडवा आला.

"काका, काढा ना ते. गेम संपणारच नाही."

"काढतो की. पण माझी कोबी कुठे ठेवू?"

"आधी मत घ्या," बोर्का काकू म्हणाल्या. "खोली मुलांकडेच राहू दे. माझी बाल्कनी त्यांच्याकडे आहे."

सगळ्यांचे हात वर गेले. प्रत्येकाचं काही ना काही बांधकाम आमच्याकडे होतं, आणि परवानगीच्या बाबतीत नगरपालिकेपेक्षा आम्ही बरे. एकट्या काकांचा हात खाली होता. माऊसवर.

तियानाने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"दोन पिंपं," ती म्हणाली.

"चार."

"दोन. आणि झाकणावर दगडाऐवजी आमचा जुना मॉनिटर. जड आहे."

काकांनी मॉनिटर उचलून वजनाचा अंदाज घेतला, मान डोलावली आणि आपली खोली एकेक ठोकळा करून काढली. शेवटचा ठोकळा काढताना क्षणभर थांबले. छत चांगलं जमलं होतं.

आता कोपऱ्यात दोन पिंपं आहेत. दर दोन-तीन दिवसांनी काका रबरी नळी घेऊन येतात, पिंपातलं खारं पाणी खालून काढून वरून ओततात, आणि तोवर आम्ही काम थांबवून उभे राहतो. वासाची सवय झाली आहे. निदान आम्हाला.

गेममधला फ्रिज आता चौथ्या मजल्यावर पोचतो. वाटेत बोर्का काकूंच्या बाल्कनीतून जावं लागतं, आणि तिथे त्यांनी परवा दार बसवलं. ते काढा म्हणायला तियाना खाली गेली होती. तासाभराने कॉफी पिऊन परत आली.

"काढतायत?" मी विचारलं.

"नाही. म्हणाल्या, फ्रिज घेऊन जाणारा दमलेला असतो, त्याला आत बसवून कॉफी द्या, मग सोडा."

तिने खुर्ची ओढली आणि ठोकळ्यांचं टेबल रचायला घेतलं. कप मात्र चौकोनी झाले.