नव्वद खण

भिंगरी दहा मिनिटं एका जागी बसली, तर तिला ताप तर नाही ना म्हणून आई तिच्या कपाळाला हात लावून बघे. पण जुन्या लॅपटॉपवर स्वतःचा विकी करायला लागल्यापासून पोरगी तासन् तास बसू लागली होती. विकी म्हणजे तिचा घरगुती ज्ञानकोशच. एका गोष्टीला एक पान, आणि पानं एकमेकांना जोडलेली. त्यात दगडांची पानं होती, मांजरांची होती, पण सगळ्यांत जास्त होती आजोबांच्या फेरफटक्याची.

घर चौथ्या मजल्यावर आणि आजोबांचे गुडघे कधीचे संपावर गेलेले. लिफ्ट चालू असली की ते नातीचा हात धरून संध्याकाळी बागेतल्या बाकापर्यंत जात. बंद असली की खिडकीतून बाग बघत. बाहेर जाऊन आलं की भिंगरी त्या तारखेचं पान लिही. बाकावर कोण भेटलं, आजोबा कोणाशी भांडले, आणि शेवटी एक ओळ, ‘लिफ्ट: चालू’. दोनदा परत येताना लिफ्ट अर्ध्यात अडकली होती, तेव्हा तिने ‘लिफ्ट: बंद’ असं लिहिलं होतं.

या नोंदींना रूप द्यायला ती सीएसएस शिकली. नोंद एका जागी, आणि तिचा रंग-आकार ठरवणारे नियम दुसऱ्या जागी. नियम लिहिल्याबरोबर ‘चालू’ असलेलं पान हिरवा चौकोनी खण होऊन बसे, ‘बंद’ असलेलं लाल, आणि सातसात खणांच्या ओळी आपोआप लागत. आजोबांना ते लगेच उमगलं. जन्मभर ते छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, एकेक करून जुळवायचे. मजकूर लिहिणारा एक आणि त्याला रूप देणारा दुसरा, यात त्यांना नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते हात काळे होत नाहीत याचं.

मग नोटीस लागली. इमारतीला नवी लिफ्ट बसवायची की बाहेरून रंग द्यायचा, हे समिती रविवारी सगळ्या रहिवाशांची मीटिंग घेऊन ठरवणार होती. समितीचे अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहत, त्यामुळे लिफ्टशी त्यांची ओळख जाता-येता नमस्काराइतकीच. ज्याचं जळतं त्याला कळतं. भिंगरीला वाटलं, अध्यक्षकाकांना आपलं पान दाखवावं. काकांनी ते पाहिलं, तोंडभर कौतुक केलं आणि एक प्रत छापून मागितली. पोरगी तरंगतच घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती प्रत खाली फळ्यावर लागली होती. एक्केचाळीस हिरवे खण, फक्त दोन लाल. वर काकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘लिफ्ट उत्तम चालते. पुरावा खुद्द चौथ्या मजल्याचा.’

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धडाधड जिने चढून तिने आजोबांना सांगितलं की आत्ता जाते आणि तो कागद फाडून टाकते.

“फाडू नकोस,” आजोबा म्हणाले. “तो खोटा नाही, अपुरा आहे. आधी आपली चूक शोधू. परवाचा खण दाखव बरं.”

परवाचा खण नव्हताच. परवा लिफ्ट बंद होती, ते बाहेर गेले नव्हते, म्हणून पान लिहिलं नव्हतं. पान नाही म्हणून खण नाही, आणि पुढचा खण सरकून आधीच्याला चिकटलेला. बंद दिवस जसे कधी उगवलेच नव्हते.

आजोबांनी टेबलाच्या खणातून शिशाचा एक बोथट तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. त्यावर अक्षर नव्हतं. त्यांनी सांगितलं की हा दोन शब्दांच्या मधे बसतो. कागदावर कधी उमटत नाही, पण लावला नाही तर सगळी ओळ एकच शब्द होऊन जाते.

“कोऱ्या जागेलाही शिसं लागतं, बाळा.”

मग दोघं कामाला लागली. गेल्या नव्वद दिवसांपैकी सत्तेचाळीस दिवसांची पानं नव्हती. आईने आपला फोन दिला. लिफ्ट बंद पडली की ती इमारतीच्या ग्रुपवर लिहायची, आणि अध्यक्ष त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. त्रेचाळीस दिवसांचे निरोप तारखांसकट मिळाले. उरले चार. तीन दिवस आजोबांना ताप होता. चौथ्या दिवसाचं काही आठवेना, तेव्हा आजोबांनी कान खाजवला आणि कबूल केलं की त्या दिवशी लिफ्ट चालू होती, त्यांनाच कंटाळा आला होता.

आई म्हणाली, कोण बघायला येतंय, तोही लाल करून टाका. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. एक खोटा खण सापडला की बाकीचे खरे खणही त्याच्यासोबत बुडतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. भिंगरीने ‘घरीच’ असा तिसरा शब्द केला आणि नियमांत त्याला राखाडी रंग दिला. हिरवे एक्केचाळीस, लाल पंचेचाळीस, राखाडी चार. प्रत्येक खण आता आपापल्या वारी बसला होता.

रविवारी लिफ्ट बंदच होती. भिंगरी लॅपटॉप छातीशी धरून एकटीच खाली गेली आणि खुर्चीवर तो उघडून ठेवला. सगळे पुढे झुकून बघू लागले. अध्यक्षांनी विचारलं की पोरीच्या रंगपेटीवर समिती चालते का. मग जरा गोडीत आले.

“हा लाल डोळ्यांत फार खुपतो गं. एवढं शिकली आहेस तर फिका गुलाबी कर की. एकच ओळ बदलायची ना?”

“एकच ओळ आहे काका,” भिंगरी म्हणाली, “आणि ती मी बदलणार नाही. खुपावा म्हणूनच लाल आहे.”

काकांनी घाईघाईने हजर असलेल्यांना हात वर करायला सांगितलं. भिंगरीने विचारलं, आजोबांच्या मताचं काय? मत द्यायचं तर मीटिंगला यावं लागतं, तसा नियमच आहे, असं उत्तर मिळालं.

“मग मीटिंग खालीच घ्यायची, असाही नियम आहे का?”

तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी पदर खोचून उठल्या आणि जिना चढू लागल्या. त्यांच्या मागे दुसरे, मग तिसरे. सगळ्यांत शेवटी अध्यक्ष. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला टेकले, तिसऱ्यावर मावशींच्या दाराशी पायरीवर बसले. चौथ्यावर पोचले ते धापा टाकतच. आजोबांनी त्यांना पाण्याचा पेला दिला.

हात वर झाले. लिफ्टच्या बाजूने चौदा, रंगाच्या बाजूने पाच. अध्यक्षांचा हात कुठेच नव्हता, तो गुडघ्यावर होता.

जाताना दारात थांबून त्यांनी हळूच विचारलं, निकाल तर तुमच्या मनासारखा लागला, आता ते नव्वद खण फळ्यावर लावायची गरज नाही ना?

भिंगरीने त्यांच्यासमोरच आजचं पान उघडलं, ‘लिफ्ट: बंद’ लिहिलं, आणि एक्क्याण्णवावा खण लाल झाला.

“लावणार,” ती म्हणाली. “रोज एक खण वाढवून लावणार. नवी लिफ्ट आजोबांना खाली घेऊन जाईल, त्या दिवशीचा हिरवा खण लागेपर्यंत.”